सिझरच्या व्रणात रुजलेला गर्भ: डिस्चार्जनंतरचे उपचार

शंभर गर्भधारणांमागे एक-दोन वेळा गर्भ आपली नेहमीची जागा सोडून भलतीकडे रुजतो. त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त गर्भ नळीत अडकतात आणि ‘नळीत गर्भ राहिला’ हे वाक्य आता बऱ्याच घरांत ऐकलेले असते. आधीच्या सिझेरियनच्या व्रणात गर्भ रुजणे हा प्रकार मात्र अनेकींना सोनोग्राफीच्या खोलीतच पहिल्यांदा कळतो. वैद्यकीय नियतकालिकांत त्याची पहिली नोंद 1978 मधली आहे. आज साधारण दोन हजार गर्भधारणांमागे एक असे त्याचे प्रमाण धरले जाते. सिझर वाढतील तसे हे रुग्णही वाढणार, कारण ज्या बाईचे सिझर झालेच नाही तिला हा आजार होऊ शकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 2015-16 मध्ये 20.1 टक्के प्रसूती सिझरने झाल्या होत्या. 2019-21 च्या पाहणीत हा आकडा 25.4 वर गेला आणि गोव्यात तर 39.5 वर. या आजाराचे निदान आणि पहिला उपचार आता जिल्ह्याच्या ठिकाणीही बऱ्यापैकी होऊ लागला आहे. पण डिस्चार्ज कार्ड हातात पडले की उपचार संपले, असे घरच्यांना वाटते आणि खरे सांगायचे तर आम्हा डॉक्टरांपैकीही काहींना वाटते. माझ्या मते तिथे उपचारांचा जेमतेम अर्धा भाग झालेला असतो. पुढच्या काही महिन्यांत जे करायचे, तोही उपचारच आहे आणि त्यात हयगय झाली तर आधी केलेले वाया जाऊ शकते.

हे पटायला आत काय घडते ते समजून घ्यावे लागेल. सिझरचा छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात, पुढच्या बाजूला, मूत्राशयाला लागून असतो. तो भरून येताना कधीकधी आत बारीक खाच राहते. त्या खाचेत किंवा व्रणावर गर्भ रुजला, तर वार स्नायूच्या पातळ पडलेल्या थरात घुसू लागते. तिथला स्नायू गर्भाशयाच्या वरच्या भागासारखा आवळत नाही, म्हणून रक्तवाहिन्या उघडल्या की रक्त थांबायला वेळ लागतो. त्यामुळेच व्रणातल्या गर्भावर नुसते क्युरेटिंग करू नये, असे अमेरिकेतील माता-गर्भवैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने 2020 मध्ये स्पष्ट सांगितले. सोनोग्राफीखाली बघत सक्शनने गर्भ काढणे, शस्त्रक्रियेने व्रणासकट काढणे किंवा गर्भाच्या पिशवीतच मेथोट्रेक्सेट हे औषध सोडणे, हे पर्याय त्यांनी पुढे ठेवले. मेथोट्रेक्सेटचे फक्त दंडात इंजेक्शन देऊन या प्रकारात भागत नाही, हेही त्यांचेच मत. दुकानातून आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांबद्दल तर वेगळे सांगायलाच नको. सोनोग्राफी न करता त्या घेणे म्हणजे गर्भ कुठे आहे हे न बघता रक्तस्राव ओढवून घेणे.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो हलका नाही. ‘ठोके दिसताहेत, मग थांबून का पाहू नये? कुणाकुणाला मूल झाल्याचे वाचले आहे.’ बरोबर आहे, अशी जिवंत बाळे जन्मलेली आहेत. पण या वाटेने गेलेल्या स्त्रियांपैकी फार मोठ्या प्रमाणात वार व्रणात खोल रुतते, प्रसूतीच्या वेळी प्रचंड रक्तस्राव होतो आणि अनेकदा जीव वाचवायला गर्भाशयच काढावे लागते. म्हणून थांबून पाहण्याचा सल्ला तज्ज्ञ देत नाहीत. तरीही सगळे समजून-उमजून एखादीने तो निर्णय घेतलाच, तर मोठी रक्तपेढी आणि अनुभवी शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयातच तिची देखरेख व्हायला हवी, आणि प्रसूती 34 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान ठरवून करावी लागते. हे मी लिहितो ते गर्भ काढून टाकलेल्या बाईसाठीही. ‘थोडे थांबले असते तर’ हा विचार तिला पुढे कित्येक महिने छळतो. तिने घेतलेला निर्णय उपलब्ध पुराव्याला धरून होता, हे तिला डॉक्टरांच्या तोंडून, नवऱ्याच्या समक्ष, ऐकायला मिळाले पाहिजे.

आता डिस्चार्जनंतरचे. बीटा एचसीजी या रक्तचाचणीतला आकडा गर्भ नसलेल्या पातळीवर येईपर्यंत दर आठवड्याला तपासावा लागतो आणि त्याला बरेच आठवडे लागू शकतात. तोवर घरच्या चाचणीवर दोन रेषा दिसतच राहतात, मळमळही राहू शकते. शरीर अजून ‘दिवस गेलेत’ असेच सांगत असते आणि मनाला तर सगळे संपल्याचे ठाऊक असते. या ओढाताणीची कल्पना आधी दिली तर बाई घाबरत नाही. सोनोग्राफीत व्रणापाशी दिसणारी गाठ त्याहूनही उशिरा, कधी काही महिन्यांनी विरते. ‘या चाचण्या म्हणजे बिल वाढवायचे धंदे’ असा संशय अनेकांना येतो. आपल्याकडचे अनुभव पाहता तो अगदी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण ही चाचणी नेमके एक काम करते: आकडा खाली येण्याऐवजी थबकला किंवा चढला, तर आत जिवंत पेशी उरल्या आहेत हे रक्तस्राव सुरू होण्याआधी कळते. चाचणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करा. वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

मेथोट्रेक्सेट दिले असेल तर काही पथ्ये काटेकोर पाळावी लागतात आणि त्यातले एक घरोघर चुकते. हे औषध फॉलिक ॲसिडच्या विरुद्ध काम करते. आपल्याकडे सरकारी दवाखान्यातून गरोदर बाईला मिळणारी लाल गोळी लोहाची म्हणून ओळखली जाते, पण तिच्यात फॉलिक ॲसिडही असते. रक्त गेले आहे, हिमोग्लोबिन उतरले आहे, तेव्हा कुणीतरी मायेने ती गोळी चालू ठेवते आणि औषधाचा जोर कमी होतो. लोह कधी आणि कोणते घ्यायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. दुखले तर पॅरासिटामॉल चालते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा. दारू अजिबात नको, कडक उन्हात फिरणे कमी करा. या आजारातल्या प्रत्येक बाईला आधीचे मूल झालेले असते आणि ते अजून अंगावर पीत असेल तर इंजेक्शनपूर्वीच तसे सांगा, कारण औषध दुधात उतरते. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन दिले की नाही, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

विश्रांतीला माहेरी किंवा गावी जायचे असेल, तर जरूर जा. जाण्याआधी मात्र एवढे बघा, की तिथून रक्ताची सोय असलेले रुग्णालय किती लांब आहे. या प्रकारात उपचारानंतर काही आठवड्यांनीसुद्धा अचानक जोराचा रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. तासाला दोन पॅड भिजत असतील, चक्कर येत असेल, पोटात किंवा खांद्याच्या टोकाशी कळ येत असेल, ताप भरला असेल, तर ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका; 108 ला फोन करा आणि पोहोचताच पहिल्या वाक्यात ‘सिझरच्या व्रणात गर्भ होता’ असे सांगा. शारीरिक संबंध, जड काम, थोरल्या मुलाला कडेवर घेणे यांची मुदत कोणता उपचार झाला त्यावर ठरते. शस्त्रक्रियेनंतर ती जास्त, सक्शननंतर कमी.

मनाचा भाग शेवटी येतो म्हणून तो दुय्यम नाही. तिथे तर आपण सर्वांत कमी पडतो. लंडनमधील रुग्णालयांत झालेल्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गर्भपात किंवा अस्थानी गर्भधारणा झालेल्या सातशेहून अधिक स्त्रियांना प्रश्नावल्या दिल्या होत्या. महिन्याभरानंतर 29 टक्के स्त्रियांमध्ये आघातोत्तर तणावाची लक्षणे होती: तो प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येणे, झोप उडणे, रुग्णालयाचा रस्ता टाळणे. नऊ महिन्यांनंतरही ती 18 टक्क्यांमध्ये टिकून होती. ही पाहणी आपल्याकडची नाही आणि प्रश्नावलीतली लक्षणे म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाचे निदान नव्हे, हे दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत. पण आपल्याकडे परिस्थिती याहून बरी असेल असे मानायला काही आधार दिसत नाही. उलट इथे बाईला ‘सहाच आठवड्यांचा तर होता’ आणि ‘एक आहे ना पदरात’ ही दोन वाक्ये ऐकावी लागतात. बोलणाऱ्याला धीर द्यायचा असतो, हे खरे. पण पदरातले मूल गेलेल्या गर्भाची भरपाई करत नाही आणि दुःख आठवड्यांवर मोजता येत नाही. त्यात इथे स्वतःच्या जिवाची भीतीही मिसळलेली असते. ‘विषय काढला की तिला त्रास होतो, म्हणून आम्ही बोलत नाही’ असे सांगणारे नवरे पुष्कळ आहेत. ती बोलू लागली तर ऐका. बोलायला भाग पाडू नका. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप, भूक, थोरल्या मुलाकडे लक्ष हे ताळ्यावर येत नसेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जगणे नकोसे वाटत असेल तेव्हा तर एक दिवसही थांबू नका. टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. नोकरी करणाऱ्यांनी रजा सोडू नये. गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यापासून आहे. नवऱ्यालाही या सगळ्या प्रसंगाची धास्ती बसलेली असते, त्याला मात्र कुणी विचारत नाही.

दोष कुणाचा, हा प्रश्न या घरांत बराच काळ रेंगाळतो. प्रवासाने, पपईने, जिना चढल्याने गर्भ व्रणात रुजत नाही. आधीच्या सिझरला बोल लावायचा मोहही होतो. पण ते सिझर गरजेचे होते की नाही हा प्रश्न वेगळा, आणि गरजेच्या सिझरने आई-बाळ वाचलेले असतात. पुढच्या वेळी ‘सिझरच करून टाका’ असा आग्रह घरच्यांनी धरण्यापूर्वी या जोखमीचा विचार करावा, इतपत म्हणता येईल.

पुन्हा दिवस राहू शकतात का? बहुतेकींना राहतात आणि बहुतेकींमध्ये गर्भ योग्य जागी रुजतो. हाच प्रकार पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा नक्कीच जास्त आहे, अभ्यासागणिक आकडा बदलत असला तरी. मेथोट्रेक्सेटनंतर किमान तीन महिने गर्भधारणा टाळा. व्रण दुरुस्त केला असेल तर मुदत त्याहून लांब, ती शल्यचिकित्सकाला विचारा. पाळी येण्याआधीच बीज सुटू शकते, म्हणून संततिनियमन पहिल्या संबंधापासून हवे. नंतर पाळी चुकली की सोनोग्राफी सहाव्या-सातव्या आठवड्यात, योनिमार्गातून करून घ्या. गर्भ वाढला की त्याची पिशवी वरच्या पोकळीकडे सरकते आणि गर्भ नीट जागी असल्याचा भास होतो, म्हणून दहाव्या आठवड्यापर्यंत थांबू नका. जुन्या सोनोग्राफीचे फोटो, शस्त्रक्रियेचा तपशील आणि बीटा एचसीजीचे कागद एका फाइलमध्ये ठेवा, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना प्रोब लावण्यापूर्वी ती फाइल दाखवा.