कागदी रुमालावरील छपाई : शाई कोणती घ्यावी?

लग्नसराई आली की कागदी रुमालांची मागणी वाढते. वलीमा असो, इफ्तारची दावत असो की हॉटेलचे उद्घाटन, यजमानाला आपले नाव छापलेला रुमाल हवा असतो. आपल्या कित्येक भावांनी रुमाल कापून घडी घालण्याची छोटी यंत्रे घेतली आहेत व छपाईची कामेही ते घेऊ लागले आहेत. धंदा चांगला आहे. परंतु शाईच्या बाबतीत 'जी मिळाली ती वापरली' असाच प्रकार बहुतेक ठिकाणी दिसतो. आमचा मूळ व्यवसाय कापडाचा, रंगांशी संबंध जुना. त्याच भरवशावर आम्हीही एकदा फसलो, म्हणून हे लिहीत आहोत.

एका वलीम्यासाठी आम्ही दोन हजार रुमालांची ऑर्डर घेतली. कापडावर स्क्रीनने छापण्याची लाल पिगमेंट पेस्ट शिल्लक पडली होती, तीच कारागिराला दिली. छाप सुरेख उठला, हाताला कोरडाही लागला. दावतीत मात्र ओला हात लागताच रंग सुटू लागला. पाहुण्यांची बोटे, ओठ, पांढरे कुर्ते, काहीच वाचले नाही. कारागिराचा यात दोष नव्हता, आमचाच होता. कापडावर छापलेल्या पिगमेंटला सुमारे १५० अंश सेल्सियस उष्णता चार-पाच मिनिटे द्यावी लागते, तेव्हा त्यातला बाईंडर पक्का होऊन रंग धरून ठेवतो. कागदी रुमालाला ही भट्टी कोण देणार? रोजच्या व्यवहारातली गोष्ट, पण त्या दिवशी आठवली नाही. पैसे परत केले. यजमानाची चारचौघांत जी शरमेची अवस्था झाली, ती काही परत घेता आली नाही.

रुमालाचा कागद साध्या कागदासारखा नसतो. लिहिण्याचा कागद एका चौरस मीटरला साठ-सत्तर ग्रॅम भरतो; रुमालाचा एक पदर साधारण पंधरा ते वीस ग्रॅमचाच. धागे सैल, पाणी शोषण्यासाठीच बनवलेला. ट्रेडल किंवा ऑफसेट यंत्राची तेलकट शाई घट्ट व चिकट असते. ती या कागदाचे तंतू उपटते, ठशावर रुई जमते, छापाभोवती तेलाची कडा पसरते आणि वास राहतो तो वेगळाच. म्हणून रुमालासाठी रबरी किंवा फोटोपॉलिमर ठशाची फ्लेक्सो छपाई व पाण्यातली पातळ शाई हाच सरळ मार्ग आहे. या छपाईला पूर्वी ॲनिलीन छपाई म्हणत, कारण तिच्यात ॲनिलीनपासून काढलेले रंग वापरत. १९५० च्या दशकात फ्लेक्सोग्राफी हे नाव रूढ झाले. नाव बदलले, तरी ते जुने रंग बाजारातून गेलेले नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

इथेच खरी मेख आहे. पाण्यातली शाई दोन प्रकारची मिळते. एकीत डाय असतो, तो मीठ विरघळावे तसा पाण्यात विरघळतो. दुसरीत पिगमेंट असते, म्हणजे न विरघळणारी बारीक भुकटी, जिला ॲक्रिलिक राळ कागदाला चिकटवून ठेवते. डायची शाई चमकदार दिसते, पण ओल लागली की पुन्हा विरघळते. रुमालावर पिगमेंटचीच शाई घ्यावी. डब्यावर 'वॉटर बेस' लिहिलेले आहे एवढ्याने समाधान मानू नये. आत डाय आहे की पिगमेंट, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

रंगारंगातही फरक आहे. निळा व हिरवा थॅलोसायनिन पिगमेंटचा घेतल्यास चिंता नाही, तो पाणी, तेल, आंबट सर्व सोसतो. काळा कार्बनचा असतो, तोही टिकतो. त्रास देतो तो लाल आणि गुलाबी. छापखान्यातला नेहमीचा रुबिन लाल साबण व सोड्यापुढे कच्चा पडतो. भडक गुलाबी बहुधा रोडामिनचा असतो. याच रोडामिन-बी रंगामुळे २०२४ मध्ये तमिळनाडू व कर्नाटकात रंगीत 'बुड्ढी के बाल' विकण्यावर बंदी आली. जो रंग पोटात जाऊ नये तो ओठाला तरी का लावावा? सोनेरी भुकटी म्हणजे तांबे-जस्ताचे मिश्रण. ती घासली की निघते. सोनेरी हवेच असेल तर कोपऱ्यात छोटे नाव, त्यापुढे नाही. शिसे असलेला क्रोम पिवळा तर दुकानातच ठेवू नये.

कापडवाल्यांना आठवत असेल, जर्मनीने १९९४ मध्ये काही ॲझो रंगांवर बंदी घातली तेव्हा आपल्या निर्यातीची केवढी धावपळ झाली होती. भारत सरकारनेही १९९३ मध्ये ४२ बेंझिडीन रंग व १९९७ मध्ये आणखी ७० ॲझो रंग बंद केले. शाई घेताना तोच प्रश्न विचारावा. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील शाईसाठी आयएस १५४९५ हे भारतीय मानक आहे आणि २०१८ च्या अन्नसुरक्षा पॅकेजिंग नियमांत त्याचा उल्लेख आहे. छापील बाजू थेट खाद्याला लागू नये, वर्तमानपत्रात खाद्य बांधू नये, हेही त्याच नियमांत आहे. रुमाल हे वेष्टन नव्हे, असे कोणी म्हणेल. पण गरम समोसा रुमालात धरूनच खाल्ला जातो, हे आपण रोज पाहतो. त्या मानकाची शाई लेखी मागावी, बिलावर नोंद घ्यावी.

काही शायांत स्पिरिट असते. ते जाईज की नाजाईज, हे उलेमांना विचारावे. आम्ही एवढेच सांगू की छोट्या बंद खोलीत त्याचा वास आणि आगीचा धोका दोन्ही आहेत.

चांगली शाईही हाताळणीत बिघडते. ॲक्रिलिक राळ अमोनियासारख्या अल्कलीमुळे पाण्यात राहते. डबा उघडा राहिला की अमोनिया उडतो, शाई घट्ट होते आणि कारागीर नुसते पाणी ओततो. मग रंग फिका पडतो व कडा फुटतात. पीएच पट्टी स्वस्त मिळते. साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान ठेवावे आणि त्याखाली गेल्यास शाईवाल्याने दिलेले द्रव्य घालावे. शाई जाड लावू नये. खालच्या पदरावर उतरते आणि सर्वत्र रंग भरलेला रुमाल पाणीच शोषत नाही.

आता कसोटी. छापलेले रुमाल एक दिवस सुकू द्यावेत. पांढऱ्या सुती कापडाच्या पाच पट्ट्या घ्याव्यात : साध्या पाण्यात, शिरक्यात, सोड्याच्या पाण्यात, खाद्यतेलात व गरम चहात भिजवलेल्या. प्रत्येकीखाली छापील भाग ठेवून वर वजन ठेवावे, दहा मिनिटांनी पाहावे, दुसरा संच रात्रभर ठेवावा. चहाच्या पट्टीवर चहाचा डाग पडणारच, तिथे फक्त शाईचा रंग शोधावा. मग ओल्या बोटाने दहा वेळा घासावे. एकाही पट्टीवर रंग उतरला तर माल पाठवू नये, किंवा गिऱ्हाईकाला आधी सांगावे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून नबी करीम (स.) यांनी आतली ओल दाखवली व ओला माल वर का ठेवला नाही असे विचारले, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कच्चा रंग ही रुमालाची आतली ओलच आहे.

एक गोष्ट शाईची नाही, पण सांगणे आवश्यक वाटते. काही यजमान रुमालावर बिस्मिल्लाह किंवा आयत छापण्याचा आग्रह धरतात. रुमाल उष्ट्या ताटात पडतो, कचऱ्यात जातो. अब्दुल्लाह, अब्दुर्रहमान अशा नावांतही अल्लाहचे नाव येते. अशा वेळी आम्ही नम्रपणे नकार देतो आणि फक्त घराण्याचे आडनाव, तारीख व वेलबुट्टी सुचवतो. बहुतेक जण ऐकतात. जे ऐकत नाहीत, त्यांची ऑर्डर आम्ही घेत नाही.