घटक ४ : सामाजिक विमा निधीचे आर्थिक पूर्वानुमान

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस :
• पूर्वानुमान कोणत्या गृहीतकांवर आधारलेले असते, हे सांगता येईल.
• ‘निधी संपणे’ या शब्दप्रयोगाचा नेमका अर्थ स्पष्ट करता येईल.

४.१ प्रास्ताविक

आज पंचविशीत असलेल्या कामगाराला निवृत्तिवेतन मिळू लागेल ते सुमारे चाळीस वर्षांनी. तेव्हा निधीत पुरेसा पैसा असेल काय, हे आजच तपासावे लागते. कारण तूट भरून काढण्याचे उपाय एका रात्रीत लागू करता येत नाहीत. अमेरिकेत १९३५ च्या कायद्याने सामाजिक सुरक्षा योजना सुरू झाली. तिचे विश्वस्त मंडळ दरवर्षी पुढील ७५ वर्षांचे पूर्वानुमान मांडते. त्याआधारे ही पद्धत समजून घेऊ.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ मूळ गणित : या योजनेत आजच्या कामगारांच्या वेतनावरील करातूनच मुख्यतः आजच्या वृद्धांना निवृत्तिवेतन दिले जाते. समजा, सरासरी निवृत्तिवेतन सरासरी वेतनाच्या ४० टक्के आहे. एका लाभार्थ्यामागे पाच कामगार असतील, तर प्रत्येकाच्या वेतनाचे ८ टक्के पुरतात. दोनच असतील, तर २० टक्के लागतात. अमेरिकेत १९६० साली हे प्रमाण सुमारे पाच होते. आज ते तिनाहून कमी आहे.

४.२.२ गृहीतके : जननदर, मृत्युदर व स्थलांतर यांवरून कामगारांची व लाभार्थ्यांची संख्या काढतात. वेतनवाढ, महागाई, बेरोजगारी व व्याजदर यांवरून जमा-खर्चाच्या रकमा ठरतात. भविष्य अनिश्चित असल्याने कमी खर्चाचा, मध्यम आणि अधिक खर्चाचा असे गृहीतकांचे तीन संच वापरले जातात.

४.२.३ गृहीतक चुकल्यास : १९७७ च्या सुधारणांनंतर निधी अनेक दशके सुस्थितीत राहील, असा अंदाज होता. परंतु पुढे महागाई वेतनापेक्षा वेगाने वाढली. महागाईशी जोडलेले निवृत्तिवेतन वाढले. वेतनावरील कराचे उत्पन्न मात्र मागे पडले. १९८२ च्या अखेरीस वृद्धापकाळ निधीला अन्य निधींकडून उसने घ्यावे लागले. १९८३ च्या कायद्याने पूर्ण निवृत्तिवेतनाचे वय ६५ वरून टप्प्याटप्प्याने ६७ करण्याचे ठरले.

४.२.४ ‘निधी संपणे’ म्हणजे काय? : २०२४ च्या अहवालातील मध्यम अंदाजानुसार वृद्धापकाळ निधीची शिल्लक २०३३ मध्ये संपेल. तरीही कर जमा होतच राहील आणि त्यातून ठरलेल्या रकमेच्या ७९ टक्के देता येतील. म्हणजेच शिल्लक संपली, तरी योजना बंद पडत नाही. मात्र ज्याचा उदरनिर्वाह केवळ निवृत्तिवेतनावर आहे, त्याच्यासाठी एकपंचमांश कपातही मोठीच होय.

४.३ सारांश

पूर्वानुमान हे भाकीत नव्हे. ‘गृहीतके खरी ठरली आणि कायदा बदलला नाही, तर असे घडेल’ असे ते सशर्त विधान असते. वेळीच सावध करणे, हेच त्याचे प्रयोजन होय.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१) सरासरी निवृत्तिवेतन वेतनाच्या ४५ टक्के आणि एका लाभार्थ्यामागे तीन कामगार असल्यास कराचा दर किती लागेल?
२) भारतातील कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मध्ये मालकाच्या अंशदानातून वेतनाचे ८.३३ टक्के जमा होतात. हा दर पुरेसा आहे काय, हे तपासण्यासाठी कोणती गृहीतके करावी लागतील?