पिल्लू गोंडस असते, नर मोठा होतो

ओरेगनच्या विलामेट खोऱ्यात आमची थोडी जमीन आहे. मालकांनी सोडून दिलेले लामा नवे घर मिळेपर्यंत आम्ही सांभाळतो. त्यांत नरच जास्त, आणि सर्वांत अवघड म्हणजे माणसाने बाटलीवर वाढवलेले नर.

चार्ली त्यांतलाच. विकणाऱ्याने त्याला आईपासून लवकर तोडले आणि ‘अगदी माणसाळलेला’ म्हणून एका कुटुंबाच्या हवाली केले. त्यांनी जीव लावून दूध पाजले. सोबतीला दुसरा लामा नव्हता. वयात येताच चार्लीने माणसालाच प्रतिस्पर्धी नर ठरवले. कुंपणात कोणी शिरले की छातीची धडक, गुडघ्याला चावा. दीडशे किलोंपुढचे जनावर अंगावर आले की माया कामी येत नाही. आमच्याकडे आल्यावर त्याला खच्ची केले, इतर नरांत ठेवले, तरी खोड पुरती गेली नाही. आजही मी त्याच्याकडे पाठ फिरवत नाही.

म्हणून विचारायला येणाऱ्यांना पहिली गोष्ट सांगते : एकटा लामा घेऊ नका. हे कळपाचे जनावर आहे. निदान दोन हवेत. पिल्लू साधारण सहा महिने आईजवळ राहू द्या. आईला दूधच नसेल तर बाटली द्यावी लागते, पण पाजून झाले की पिल्लू कळपात परत. कुरवाळणे, खेळवणे नको.

पैदास करायची असेल तर आधी नरांचा विचार करा. जन्मणाऱ्या पिल्लांत निम्मे नर, आणि वळू म्हणून ठेवण्याजोगा त्यांतला एखादाच. बाकीचे सुमारे दीड-दोन वर्षांचे झाले की खच्ची करावेत. खच्ची नर मेंढ्यांची राखण करतो, डोंगरात ओझे वाहतो. त्याला घर मिळते. १९८०च्या दशकात अमेरिकेत लामांचे भाव भडकले, तेव्हा दिसेल ती मादी गाभण ठेवली गेली. भाव कोसळल्यावर त्या जनावरांना वाली उरला नाही.

मादीला माजाचे ठरावीक चक्र नसते. संयोगानंतरच बीज सुटते. व्यायल्यावर दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा गाभण राहू शकते. साडेअकरा महिन्यांचे गाभणपण संपते न संपते तोच दुसरे सुरू. नर वेगळा ठेवला नाही तर बाप-लेकीचा संबंधही टळत नाही. नाकाचा मागचा मार्ग बंद असलेले पिल्लू जन्मले, तर त्या जोडीची पैदास थांबवा. हा दोष आनुवंशिक असल्याचा दाट संशय आहे.

नवजात पिल्लाला पहिल्या काही तासांत चीक मिळालाच पाहिजे. आमच्याकडे हिवाळाभर ढग असतात, म्हणून वाढत्या पिल्लांना पशुवैद्याच्या सल्ल्याने ‘ड’ जीवनसत्त्व देतो. नाहीतर हाडे वाकतात. वर्षातून एकदा लोकर कातरा, नख्या वेळेवर कापा, वयात आलेल्या नराचे सुळे बोथट करून घ्या.

लामा पंधरा-वीस वर्षे जगतो. तेव्हा विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा : आई-बाप दाखवाल का? आणि आम्हाला जमले नाही, तर जनावर परत घ्याल का? उत्तर देताना तो अडखळला, तर पिल्लू कितीही गोंडस असो, तिथून निघा.