शंका-समाधान : दोन्ही सुवर्णे आपली, तरी खो-खो दाराबाहेर का?

शंका : दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत २०१६ साली आणि पुन्हा २०१९ साली नेपाळमध्ये खो-खोची पुरुष व महिला अशी दोन्ही सुवर्णपदके भारताने जिंकली. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीतला पहिला विश्वचषकही दोन्ही गटांत आपलाच. तरी आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खो नाही. आणखी काय जिंकायचे राहिले? – एक माजी खेळाडू, सातारा

समाधान : आपली तळमळ पोचली. पण आपण जिंकत राहिलो की खेळ स्पर्धेत टिकतो, हा समज आधी सोडायला हवा. अनेक खेळांच्या स्पर्धेत प्रत्येक खेळाला मैदान, निवास, पंच आणि वेळापत्रकातले दिवस द्यावे लागतात. ते देणारा यजमान पाहतो, की संघ किती येणार आणि पदकाची आशा किती देशांना आहे. निकाल आधीच ठरल्यासारखा असेल, तर बाकीच्या देशांनी त्या खेळासाठी आग्रह का धरावा?

त्या विश्वचषकात पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ उतरले, ही मोठी गोष्ट झाली. मात्र आपल्या मुलींनी दक्षिण कोरियाला १७५-१८ असे हरवले, तेव्हा इकडे जल्लोष झाला आणि मला काळजी वाटली. एवढा मार खाऊन गेलेला संघ पुढच्या वेळी येईल का? उलट पुरुषांच्या सलामीच्या सामन्यात नेपाळने आपल्याला ४२-३७पर्यंत झुंजवले. खो-खोच्या भवितव्याच्या दृष्टीने मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. अंतिम सामन्यात दोन्ही गटांत नेपाळच समोर होता, हेही ध्यानात घ्या. नेपाळसारखे आणखी पाच-सहा संघ हवेत.

कबड्डीकडे पाहा. १९९०च्या बीजिंग स्पर्धेत ती पदकाचा खेळ झाली आणि २०१४पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णे आपण घेतली. महिलांची कबड्डी आली ती थेट २०१०मध्ये. २०१८ला जकार्तात इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य फेरीत गारद केले आणि महिलांना अंतिम सामन्यात २७-२४ने हरवले. इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या पराभवाने इथे पुष्कळांचे मन दुखावले. पण मी ठामपणे सांगतो, त्या दिवशी शैलजाताईंनी कबड्डीचे जेवढे भले केले, तेवढे आपल्या आणखी एका सुवर्णाने झाले नसते. हांगझोऊच्या स्पर्धेत चिनी तैपेईच्या मुलींविरुद्ध आपल्याला सुवर्ण मिळाले ते २६-२५, एका गुणाने. आता त्या देशांनाही कबड्डी हवी आहे.

तेव्हा माझे उत्तर असे : प्रशिक्षक बाहेर पाठवा, आणि त्यांना आधी पळती शिकवायला सांगा. नवा संघ पाठलाग लवकर शिकतो. पळतीत मात्र तिघांची तुकडी बघता बघता कापली जाते. आक्रमकाने एकदा दिशा घेतली की त्याला मागे फिरता येत नाही आणि ही दिशा त्याच्या खांद्यावरून कळते. कसलेला पळतीचा खेळाडू चेंडूवर ठेवावी तशी नजर त्या खांद्यावर खिळवतो. खांदा वळताच तो बसलेल्या गड्यांमधून पलीकडे निघून जातो. नव्या जलद प्रकारात ‘वजीर’ या खास आक्रमकाला दोन्ही दिशा मोकळ्या असल्याने तिथे हे कौशल्य आणखी अवघड. पण एवढे एक शिकवले, तरी १७५चा आकडा निम्म्यावर येईल. आणि एकट्या दक्षिण आशियाई स्पर्धेवर भिस्त ठेवून चालणार नाही : २०१९नंतरची स्पर्धा पाकिस्तानकडे गेली आणि लांबणीवर पडत राहिली. खेळाडूचे उमेदीचे वय तेवढे थांबत नाही.

शंका : मातीतला खेळ मॅटवर नेऊन गावच्या पोरांचे नुकसान होत नाही का? – एक पालक, सांगली

समाधान : होते; ते टाळता येते. मोठ्या स्पर्धेत एकाच सभागृहात सकाळी एक खेळ आणि संध्याकाळी दुसरा असतो. तिथे मॅट अंथरून सामना लावता येतो, माती नेता येत नाही. खो-खोने मॅट नाकारली असती तर हे दारही बंद झाले असते.

अडचण खरी येते ती खांबाजवळ. मातीवर अनवाणी पोरगा खांबाला हात घालून वळताना पाऊल थोडे घसरू देतो आणि त्या घसरण्यावरच वेग सांभाळतो. मॅटवर बूट घट्ट धरतो, पाऊल जागीच अडते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. सूर मारतानाही तसेच : मातीवर अंग पुढे सरकते, मॅटवर कोपर आणि गुडघे सोलवटतात. म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा मॅटवर उतरवणे हा मुलांवर अन्याय आहे. प्रत्येक मंडळाला मॅट परवडणार नाही, पण जिल्ह्यातल्या मंडळांनी मिळून एक घ्यावी आणि पाळीपाळीने वापरावी. रोजचा सराव मातीवरच असू द्या. दम आणि पायातली ताकद तिथेच येते.

शंका : राष्ट्रीय स्पर्धेत मल्लखांब आला. आता तो सुरक्षित झाला म्हणायचे का? – एक वाचक, फोंडा, गोवा

समाधान : नाही. २०२२ला गुजरातमध्ये तो राष्ट्रीय स्पर्धेत आला, पुढच्या वर्षी तुमच्या गोव्यातही रंगला. परंतु इथे गुण परीक्षक देतात. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाबाहेरच्या राज्यांत जाणते परीक्षक तयार झाले नाहीत, तर निकालावर कुरबुर होणार. खांब पुरण्याइतकेच परीक्षक घडवण्याकडे लक्ष द्या.

शंका : तालुक्याच्या शालेय स्पर्धेत मुलींच्या खो-खोला दोन-तीनच संघ येतात. आमच्या मुलींना तर दोनदा ‘पुढे चाल’ मिळाली आणि न खेळताच त्या वर गेल्या. मी काय करू शकते? – एक क्रीडाशिक्षिका, जत

समाधान : बाई, या सगळ्या पत्रांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते तुमचे. दिल्लीतला १७५-१८ आणि तुमच्याकडची ‘पुढे चाल’ हे दुखणे एकच आहे : समोर संघ नाही. तुमचा संघ चांगला असेल तर शेजारच्या दोन शाळांत महिन्यातून एकदा मुलींना घेऊन जा आणि गडी सरमिसळ करून सामने लावा. त्या शाळेतली चपळ मुलगी आपल्या शाळेत ओढून आणण्याचा मोह टाळा. तिच्यामुळे तिथे संघ उभा राहतो. मुख्याध्यापकांना सांगा, की या खेळाला मैदान लागते २७ बाय १६ मीटरचे, साहित्य म्हणजे दोन खांब आणि चुन्याच्या रेषा. आईवडिलांना दहावी-बारावीच्या क्रीडागुणांची माहिती द्या. त्यांचा होकार बहुधा तिथेच मिळतो.

यंदा प्रवेशिकांची मुदत संपण्याआधी त्या दोन शाळांचे अर्ज तुम्ही स्वतः बसून भरून घ्या. मैदानात नऊ जणी लागतात. बारा मिळाल्या नाहीत तरी नऊ जणींचा संघ उतरवा. हरला तरी चालेल, पण नोंदवा.