चौल बंदर आणि ई-आरोग्य : छोट्या देशाच्या बाजारात शिरायचं कसं?

'मार्केट एंट्री' हा शब्द आपण मॅनेजमेंटवाल्यांच्या तोंडी ऐकतो. पण आपल्या रायगड जिल्ह्यात, अलिबागपासून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर असलेल्या चौलने हा विषय पाचशे वर्षांपूर्वीच अनुभवला आहे. ग्रीक-रोमन लोक ज्याला 'सेमिल्ला' म्हणत आणि अरब व्यापारी ज्याला 'सैमूर' म्हणत, ते हेच चौल. माल यायचा, जायचा आणि धंदा करायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी इथल्या राज्यकर्त्यांशी जुळवून घ्यावं लागायचं.

सोळाव्या शतकात इथे पोर्तुगीज आले. त्यांचा देश दहा-पंधरा लाख वस्तीचा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यापेक्षाही लहान. १५०८ साली चौलच्या समुद्रात त्यांची लढाई झाली आणि त्यात त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे १५१६ मध्ये त्यांनी इथे वखार घातली आणि १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने रेवदंड्याचा किल्ला बांधायला घेतला. परवानगी फुकट मिळाली नव्हती. चौलमार्गे घोडे आणू देण्याचं आश्वासन त्यांना द्यावं लागलं. त्याच काळात गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य बुर्‍हान निजामशहावर उपचार करत असे. भारतीय औषधींवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. थोडक्यात, तोफांच्या जोडीला घोडे आणि औषधही लागलं. समोरच्याची गरज ओळखल्याशिवाय दार उघडत नाही, हा पहिला धडा.

आता उलटा प्रश्न घेऊ. समजा आपल्यापैकी चारजणांनी फायनल इयरला आरोग्याचं एक सॉफ्टवेअर बनवलं आणि ते युरोपातल्या एखाद्या छोट्या देशात विकायचं ठरवलं. उदाहरणासाठी एस्टोनिया घेऊ. लोकसंख्या तेरा-चौदा लाख. २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाखांच्या वर आहे, म्हणजे हा अख्खा देश आपल्या जिल्ह्याच्या जवळपास निम्मा! तुम्ही म्हणाल, मग सोप्पं आहे. पण नाही.

एस्टोनियाने २००१ मध्ये 'एक्स-रोड' नावाची यंत्रणा सुरू केली. सगळी माहिती एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये कोंबायची नाही. प्रत्येक हॉस्पिटल, प्रत्येक खातं आपापली माहिती आपल्याकडे ठेवतं आणि गरज पडली की ठराविक सुरक्षित रस्त्याने दुसऱ्याला देतं. २००८ अखेरीस देशभराची आरोग्य-माहिती यंत्रणा आली आणि २०१० मध्ये ई-प्रिस्क्रिप्शन. पेशंट ओळखपत्र घेऊन औषधाच्या दुकानात जातो, चिठ्ठी आधीच तिथे पोचलेली असते. शिवाय आपली फाइल कोणी उघडून पाहिली, हे पेशंटला स्वतःला दिसतं. माझ्या मते या सगळ्यातली सर्वात भारी गोष्ट हीच.

अशा देशात शिरताना चार पायऱ्या चढाव्या लागतात.

पहिली, ग्राहक कोण? तिथे उपचारांचा बहुतेक खर्च सरकारी आरोग्य विमा निधी देतो. म्हणजे पैसे देणारा मुख्य गिऱ्हाईक एकच. तो 'हो' म्हणाला तर सगळा देश, 'नाही' म्हणाला तर बहुतेक सगळाच बाजार बंद.

दुसरी, कायदा. निदान किंवा उपचाराचा निर्णय घ्यायला मदत करणारं सॉफ्टवेअर युरोपात वैद्यकीय उपकरण मानलं जातं. २६ मे २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा बहुतेक सॉफ्टवेअरची बाहेरच्या संस्थेकडून तपासणी होऊन 'सीई' खूण मिळवावी लागते. पण एकदा ती मिळाली की युरोपियन युनियनच्या २७ देशांची दारं उघडतात. छोट्या देशाचं खरं महत्त्व इथे आहे. तो मोठ्या बाजाराचं बंदर असतो, जसं घाटावरच्या बाजारपेठांसाठी चौल होतं.

तिसरी, माहितीची गुप्तता. २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या 'जीडीपीआर' कायद्यात आरोग्याची माहिती खास संरक्षणाच्या वर्गात येते. सर्व्हर कुठे आहे, कोण बघतं, कधी पुसलं जातं, हे कागदावर दाखवावं लागतं.

चौथी, भाषा आणि जोडणी. तिथला डॉक्टर एस्टोनियन भाषेत लिहितो. आपलं सॉफ्टवेअर तिथल्या यंत्रणेशी बोललं नाही, तर ते कितीही छान दिसलं तरी कुचकामी.

आणि आपल्याकडे? इथेही पाया घातला गेला आहे. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. 'ई-संजीवनी'वरून गावातला पेशंट दूरच्या डॉक्टरशी बोलू शकतो. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यात १४ आकडी 'आभा' क्रमांक आहे, आणि पेशंटच्या संमतीशिवाय रिपोर्ट पुढे जाऊ नये अशी रचना आहे. ही रचनाही एक्स-रोडसारखीच, म्हणजे माहिती जिथली तिथे, फक्त रस्ता सामायिक. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला.

पण चौलसारख्या गावात या सगळ्याची खरी परीक्षा वेगळीच असते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. माडा-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि कित्येक गावांत बरेच दिवस ना वीज, ना मोबाइलची रेंज. टेलिमेडिसिनची तत्त्वं येऊन जेमतेम सव्वादोन महिने झाले होते! अशा वेळी डायबिटीसच्या म्हातारबाबांची गोळी कोणती, हे फक्त लांबच्या सर्व्हरवर लिहिलेलं असेल तर त्याचा काय उपयोग? म्हणून इथलं सॉफ्टवेअर रेंज नसतानाही चालायला हवं. माहिती आधी गावातल्या कॉम्प्युटरवर साठवायची, रेंज आली की वर पाठवायची, आणि दोन ठिकाणी वेगवेगळी नोंद झाली असेल तर डॉक्टरला दाखवून मगच जुळवायची. शिवाय एक छापील कागद पेशंटच्या हातात हवाच. एस्टोनियाची नक्कल करून हा प्रश्न सुटणार नाही. तो सोडवायला इथला पाऊस माहीत असलेला इंजिनिअरच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. पोर्तुगीज समुद्रातल्या जहाजांना 'कार्ताझ' नावाचा परवाना घ्यायला लावत. तो नसेल तर माल जप्त. समुद्र कोणाच्या बापाचा नव्हता, पण परवाना देणारा मालक होऊन बसला. आरोग्याच्या माहितीचंही तसंच होऊ शकतं. रस्ता सगळ्यांचा असला पाहिजे आणि किल्ली पेशंटच्या हातात. ती एखाद्या कंपनीच्या हातात गेली, तर आपल्याच ब्लड रिपोर्टसाठी आपल्यालाच परवाना काढावा लागेल.

तेव्हा प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनो, आणखी एक लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम बनवण्याआधी जरा विचार करा. गाईड सरांना किंवा मॅडमना विचारून जवळच्या आरोग्य केंद्रात एक दिवस बसा. तिथली नोंदवही कोण भरतं, किती वेळ लागतो, लाइट गेली की काय करतात, ते लिहून घ्या. कोडिंग त्यानंतर. जे सॉफ्टवेअर चौलच्या पावसाळ्यात टिकेल, त्याचा पाया पक्का असेल. टॅलिनच्या परवानग्यांची तयारी मग करता येईल.