नोकरीचा शोध आणि समाजमाध्यमांवरील वावर

प्रश्न : मी देवासच्या एका कारखान्यात फिटर आहे. धार जिल्ह्यातील पीथमपूरला नोकरी शोधतो आहे. फेसबुक-लिंक्डइनवर कोणती दक्षता घ्यावी?

उत्तर : सर्व मजकूर पुसण्याची घाई नको. फेसबुकवर जुन्या सार्वजनिक पोस्टी एकदम मित्रांपुरत्या मर्यादित करण्याची सोय आहे, ती वापरावी. मात्र कारखान्यातील यंत्रांची वा आराखड्यांची छायाचित्रे असल्यास विनाविलंब काढावीत, कारण ज्याने एका मालकाचे गुपित चव्हाट्यावर मांडले, त्याच्यावर दुसरा विश्वास ठेवण्यास धजत नाही. राजकीय मत लपवावे असे मी सांगणार नाही. परंतु कुणाची जात वा धर्म काढून लिहिलेला शब्द ठेवू नये.

लिंक्डइनची बाब अधिक नाजूक. नोकरीच्या शोधात असल्याचे सांगणारी 'ओपन टू वर्क'ची हिरवी चौकट सर्वांनाच दिसते; केवळ भरती करणाऱ्यांना दिसणारा पर्याय निवडला, तरी सध्याच्या मालकाला सुगावा लागणारच नाही, अशी पूर्ण हमी खुद्द लिंक्डइनही देत नाही. पीथमपूरचा वाहनउद्योग आणि देवासची औद्योगिक वसाहत यांच्यातील माणसांची ये-जा ध्यानी घेता, नोकरीवर असताना आपण दोन्ही पर्याय टाळावेत, हे माझे स्पष्ट मत. त्याऐवजी आयटीआयचा दाखला, हाताळलेली यंत्रे व अनुभव तपशीलवार लिहावा, आणि हुद्दा व तारखा अर्जाशी तंतोतंत जुळवाव्यात.