पहिला पंधरवडा

बेटा, तू शिकायला जर्मनीला निघालीस. बॅगेचं वजन तू आणि तुझी आई बघालच. माझी हयात समुद्रपूरच्या तहसील कचेरीत कागद हाताळण्यात गेली, म्हणून मी कागदांचंच बोलणार. माझ्या थोरल्या मुलाकडे जर्मनीत हिवाळाभर राहिलो तेव्हा लक्षात आलं, तो देश आपल्या कचेरीचा थोरला भाऊच आहे. फक्त तिथे दिलेल्या वेळेला साहेब खुर्चीवर सापडतो.

तिथे एक कागद दुसऱ्यात अडकलेला असतो. राहायला गेलीस की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं, नुसता भाडेकरार चालत नाही. किल्ली हातात घेतानाच ते पत्र माग. पत्ता नोंदला की बँकेतलं खातं सोपं होतं, आणि खातं झालं की तुझ्या बाबानं व्हिसासाठी इथून अडकवून ठेवलेल्या रकमेतले महिन्याला ९९२ युरो सुटायला लागतात. तोवर पदरचं खायचं. घरमालक अनामत मागतो ती वेगळी. कायद्याने तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मागू शकतो. तेव्हा पहिल्या महिन्याचा खर्च आणि अनामत यांची सोय निघण्याआधीच झालेली पाहिजे. ऑक्टोबरात साऱ्या विद्यार्थ्यांची एकदमच झुंबड उडते, म्हणून खोलीचा पत्ता कळला की नोंदणीची वेळ इथूनच इंटरनेटवर घेऊन टाक. उशिराची तारीख मिळाली तर घाबरू नको, वेळ घेतल्याचा ईमेल तेवढा छापून ठेव. व्हिसा संपायची तारीखही आजच वहीत लिही. राहण्याच्या परवान्याचा अर्ज त्याच्या आत गेला पाहिजे.

आता एक बारीक गोष्ट, पण हिच्यापायी पोरं महिनाभर खोळंबतात. तिथल्या इमारतींत बहुधा फ्लॅटला नंबर नसतो, टपाल नावावर येतं. पहिल्याच दिवशी टपालपेटीवर आणि घंटीवर आपलं आडनाव चिकटव. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड सारं टपालानंच येतं. काही दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरोचं. तुझ्याकडे टीव्ही नसला तरी येईल. फसवणूक समजून फाडू नको. ते माणशी नसतं, घरटी असतं. घरातलं दुसरं कोणी आधीच भरत असेल तर तसं कळवायचं आणि वाटणी करून घ्यायची.

खाण्याचं म्हणशील तर मोठी आई तुपाचा डबा भरायला बसली आहे, तिला थांबव. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. तूप, पेढे, खव्याची बर्फी, सारं विमानतळावर काढून घेतात. संत्रीसुद्धा राहू दे. आपल्या तालुक्यातल्या वायगावची हळद घे, भिवापुरी मिरचीचं तिखट घे, काळा मसाला घे. तुरीची डाळ तिथल्या आशियाई दुकानात मिळते, तिच्यासाठी किलो घालवू नको. कुकर मात्र इंडक्शनवर चालणारा पाहा. आणि फोडणी घालण्याआधी खिडकी उघडायची! छताला धुराचा भोंगा असतो. तो वाजला की अख्खी इमारत जिन्यात येते. थंडीतही रोज थोडा वेळ खिडकी सताड उघडी ठेवायची, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि घरमालक अनामतीतून पैसे कापतो. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच दूध-भाजी आणून ठेव. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. थोरला सुरुवातीला कचऱ्यात टाकायचा, म्हणजे पैसेच टाकायचा.

तुझी आजी हिंगणघाटच्या बाजारात अनोळखी माणसालाही बेधडक भाव विचारायची. आम्ही लाजलो की म्हणायची, "पुसाले का पैसे लागते?" हे तुला फार उपयोगी पडेल. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळी खिडकी असते आणि तिथले लोक विचारलं तर नीट सांगतात; विचारलं नाही तर कोणी आपणहून येणार नाही. तो त्यांचा तुसडेपणा नव्हे, रीत आहे.

कामाचं बाबाला काळजीचं वाटतं, मला नाही. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पडेल ते काम करत शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर संशोधन करून नावाजले. तेव्हा भांडी घासण्यात कमीपणा मानू नको. फक्त पहिलं सत्र काम घेऊ नको. भाषा आणि थंडी, दोन्ही एकदम अंगावर येतात. डिसेंबरात तर चारच्या सुमारास अंधार पडतो.

फोनचं शेवटी सांगतो. उन्हाळ्यात तिथल्या-इथल्या वेळेचा फरक साडेतीन तासांचा असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे सरकतात, मग साडेचार. आईला हे आधीच सांग, नाहीतर तासभर फोनची वाट बघत ती साऱ्या मोहल्ल्याला कामाला लावेल. रोज एक वेळ ठरव, रात्रीच्या जेवणाआधीची. दिवसभर व्हिडिओवर घरात बसून राहिलीस तर शेजारच्या खोलीतल्या पोरीचं नावही तुला कळायचं नाही.